जहाजाचं एन्व्हायर्नमेंटल रजिस्टर नव्याने करायचंय? आधी आत काय येतं आणि बाहेर कुठे जातं ते मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू बल्क कॅरिअरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड इंजिनिअर आहेस, ऑडिट दोन महिन्यांवर आलंय आणि सुपरिंटेंडंटने (ऑफिसातून जहाज बघणाऱ्या साहेबाने) जहाजाचं अ‍ॅस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर, म्हणजे जहाजाचे पर्यावरणावरचे परिणाम लिहायची यादी, नव्याने करायला सांगितलंय. जुनं रजिस्टर म्हणजे कुठल्यातरी टँकरची शीट, फक्त जहाजाचं नाव बदललेली, त्यात कार्गो टँक धुतलेल्या पाण्याचीसुद्धा ओळ आहे जी तुमच्या जहाजाला लागूच होत नाही. तुला विचारायचंय की पर्यावरणावरचे परिणाम शोधायचे कसे, त्यातला मोठा कुठला आणि लहान कुठला हे ठरवायचं कसं, आणि ठरवल्यावर पुढे करायचं काय.

मी इंजिनरूममध्ये २६ वर्षं काढलीत, त्यातली शेवटची ११ चीफ इंजिनिअर म्हणून, आणि अशी रजिस्टरं बरीच बघितली आणि बऱ्याचदा स्वतः बसून केली. माझं सांगणं एकच आहे, ती शीट बंद कर आणि टॉर्च, साउंडिंग टेप (टाकीतली पातळी मोजायची टेप) आणि वही घेऊन खाली जा. जहाजावर जे जे आत येतं, इंधन, वंगण तेल, पाणी, रंग, केमिकल, गॅस, खाणं, पॅकिंग, बॅलास्ट (जहाजाचा तोल सांभाळायला टाक्यांत घेतलेलं पाणी), ते सगळं कुठून ना कुठून बाहेर जाणारच. आत किती आलं आणि बाहेर कुठून किती गेलं याचा ताळा लागला की रजिस्टर आपोआप तयार होतं, आणि जिथे ताळा लागत नाही नेमका तिथेच तुझा इम्पॅक्ट लपलेला असतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण जुन्या शीटमध्ये दोन्ही कॉलमात "ऑइल पोल्युशन" असंच लिहिलेलं असणार. अ‍ॅस्पेक्ट म्हणजे आपल्या कामातून जे सुटतं किंवा जे वापरलं जातं ते, आणि इम्पॅक्ट म्हणजे त्याने हवेचं, पाण्याचं, जीवांचं जे होतं ते. स्टर्न ट्यूबच्या (प्रोपेलरचा शाफ्ट जिथून जहाजाबाहेर जातो त्या नळीच्या) सीलमधून तेल झिरपणं हा अ‍ॅस्पेक्ट, त्या तेलाने पाण्यातल्या जीवांना होणारा त्रास हा इम्पॅक्ट. प्रत्येक काम तीन वेळा बघायचं, नेहमीसारखं चालू असताना, नेहमीपेक्षा वेगळं चालू असताना म्हणजे मनुव्हरिंग (बंदरात जहाज वळवणं, थांबवणं), ब्लॅकआउटनंतरचं स्टार्टिंग, ड्रायडॉक वगैरे, आणि अपघात झाल्यावर. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या स्टँडर्डमध्येही हीच तीन अवस्थांची विभागणी आहे, पण बहुतेक रजिस्टरं पहिली आणि तिसरी लिहितात आणि मधली विसरतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गडबड त्या मधल्या अवस्थेतच होते.

आता हिशोब कसा लावायचा ते बघ. समज तुमचं मेन इंजिन आणि जनरेटर मिळून रोज ३० टन हेवी फ्युएल जाळतात. एक टन हेवी फ्युएल जळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हा आयएमओचाच (जहाजवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाच) आकडा आहे, म्हणजे रोजचे ९३ टन. पाणी सोडलं तर ही तुझ्या रजिस्टरमधली वजनाने सगळ्यात मोठी ओळ, आणि जुन्या शीटमध्ये ती बहुधा २२ व्या नंबरवर "एक्झॉस्ट एमिशन" म्हणून बसलेली असेल. त्याच इंधनातून प्युरिफायरचा (इंधन साफ करणाऱ्या मशीनचा) स्लज, म्हणजे तेलकट गाळ, निघतो, साधारण इंधनाच्या १ ते १.५ टक्के, म्हणजे रोज ३०० ते ४५० किलो, महिन्याला ९ ते १३ टन. आता ऑइल रेकॉर्ड बुक उघड आणि महिन्याला किती स्लज दाखवलाय ते बघ. दोनच टन दाखवला असेल तर बाकीचा गेला कुठे? पोर्ट स्टेटचा (बंदर ज्या देशाचं त्याचा) इन्स्पेक्टर जहाजावर येऊन बऱ्याचदा हेच गणित करतो, त्याला टाकीत उतरायची गरज पडत नाही, बंकर (जहाजाचं इंधन) किती घेतलं, स्लज किती दाखवला, इन्सिनरेटर (कचरा आणि स्लज जाळायची भट्टी) किती तास चालवला आणि त्याची क्षमता किती, एवढ्यावरच त्याला खरं खोटं कळतं. दुसऱ्याने हे गणित करण्याआधी आपण केलेलं बरं.

हेच वंगण तेलाचं. स्टर्न ट्यूबची हेडर टाकी (तिला तेल पुरवणारी वरची टाकी) आठवड्यातून एकदा टॉप-अप करतो ना, ते तेल जातं कुठे? आतल्या बाजूच्या सीलमधून येत असेल तर ड्रेन टाकीत दिसतं. तिथे नसेल तर ते समुद्रात जातंय, तिसरी जागाच नाही. समज रोज ५ लिटर, म्हणजे वर्षाला १८२५ लिटर. आता याची तुलना बिल्जशी (इंजिनरूमच्या तळाशी साठणाऱ्या तेलकट पाण्याशी) करून बघ. ऑइली वॉटर सेपरेटरमधून (या पाण्यातलं तेल वेगळं करणाऱ्या मशीनमधून) १५ पीपीएमने, म्हणजे दहा लाखात १५ भाग तेल धरून, पाणी सोडलं तर एका घनमीटर पाण्याबरोबर फार तर १५ मिलीलिटर तेल जातं, एक मोठा चमचा. ५ लिटर तेल त्या रस्त्याने जायला ३३३ घनमीटर बिल्ज सोडावं लागेल, तुमच्या जहाजाला तेवढं बिल्ज साठायला कितीतरी महिने लागतील, आणि स्टर्न ट्यूब ते एका दिवसात करते. पण रजिस्टरमध्ये सेपरेटर पहिल्या नंबरवर आणि स्टर्न ट्यूबचं नावही नाही, कारण सेपरेटरचा अलार्म लगेच वाजतो आणि हेडर टाकी टॉप-अप करत राहिलं तर स्टर्न ट्यूबचा वाजतच नाही. अलार्म वाजवणाऱ्या गोष्टी सगळ्यांना दिसतात. बो थ्रस्टर, कंट्रोलेबल पिच प्रोपेलर असेल तर त्याचा हब, डेकवरच्या क्रेन, हॅच कव्हरचं हायड्रॉलिक, जिथे जिथे तेल आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त एक रबरी सील किंवा होज उभा आहे ती प्रत्येक जागा लिहून काढ. अमेरिकेने २०१३ च्या व्हेसल जनरल परमिटमध्ये अशा जागांसाठी पर्यावरणाला कमी घातक, लवकर विघटन होणारं तेल वापरणं मागितलं ते याचसाठी. ते तेल चालेल की नाही हे सीलच्या रबरावर अवलंबून असतं म्हणून मेकरला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, पण प्रश्न रजिस्टरमध्ये आलाच पाहिजे.

बिल्जवर जरा जास्त लिहितो, कारण थर्ड इंजिनिअरच्या हातात खरोखर काही बदलायची ताकद असते ती इथेच.

एका जहाजावर मी जॉइन झालो तेव्हा सेपरेटर सतत रडत होता. चालू केला की दहा मिनिटांत १५ पीपीएमचा अलार्म, थ्री-वे व्हॉल्व पाणी परत बिल्ज टाकीत फिरवणार, दर पंधरा दिवसांनी फिल्टर बदलणार, तरी टाकी भरतच चाललेली. सगळ्यांचं मत होतं की मशीन खराब आहे, नवीन सेन्सर मागवा. मी आठवडाभर सेपरेटरला हात लावला नाही. प्रत्येक वॉचला चारी बिल्ज वेलचं (बिल्ज साठायच्या खड्ड्यांचं) साउंडिंग घ्यायला सांगितलं आणि प्रत्येक वेलमधलं थोडं थोडं पाणी बाटलीत घेऊन बॉयलर वॉटरच्या टेस्ट किटने क्लोराइड तपासलं. खारं निघालं तर समुद्राच्या पाण्याची गळती, गोडं निघालं तर कंडेन्सेट (वाफ थंड होऊन जमलेलं पाणी) किंवा गोड्या पाण्याची. पोर्ट फॉरवर्डचं (डावीकडच्या पुढच्या वेलचं) खारं निघालं, वर बघितलं तर सी वॉटर पंपाचा सील बोटभर धार सोडत होता आणि कोणीतरी त्याच्या खाली एक डबा ठेवून विषय संपवला होता. आफ्ट (मागच्या) वेलचं जवळजवळ शुद्ध गोडं निघालं, एअर कंडिशनिंगचं कंडेन्सेट थेट बिल्जमध्ये सोडलेलं. म्हणजे रोज जे दीड घनमीटर पाणी आम्ही तेलकट म्हणून गाळत बसलो होतो त्यातलं एक घनमीटरहून जास्त पाणी बिल्जमध्ये यायलाच नको होतं. आणि अलार्मचं खरं कारण तिसरंच, दर शनिवारी टँक टॉप (इंजिनरूमचा तळ) धुवायला जे डीग्रीझर वापरत होते ते तेल आणि पाणी दुधासारखं एकजीव करून टाकत होतं, असं पाणी वेगळं करणं सेपरेटरला फार जड जातं, मग तो नवा का असेना. पंपाचा सील बदलला, कंडेन्सेट क्लीन ड्रेन टाकीत वळवलं, लवकर वेगळं होणारं डिटर्जंट मागवलं आणि तोपर्यंत चिंधीने पुसायला लावलं. महिनाभरात रोजचं बिल्ज ०.४ घनमीटरवर आलं आणि तोच जुना सेपरेटर मुकाट चालायला लागला. स्लज टाकीत पण हाच प्रकार असतो, प्युरिफायरचं ऑपरेटिंग वॉटर त्यातच पडतं, ड्रेन व्हॉल्व लीक असेल तर अर्धी टाकी नुसतं पाणी असते आणि इन्सिनरेटर ते उकळण्यात डिझेल जाळतो.

म्हणून रजिस्टरमध्ये "कंट्रोल: ऑइली वॉटर सेपरेटर" असं लिहून मोकळा होऊ नकोस. सेपरेटर ही शेवटची चाळणी आहे, खरा कंट्रोल त्याच्या कितीतरी आधी, पंपाच्या सीलवर आणि शनिवारच्या बादलीत आहे.

आणि इथेच ती दुसरी गोष्ट पण बोलायला हवी जी कोणी लिहीत नाही. बायपास पाइप, रात्रीत लावलेला फ्लॅंज, ऑइल कंटेंट मीटरच्या सॅम्पल लाइनमध्ये गोडं पाणी सोडून मशीनला फसवणं, हे प्रकार अजूनही होतात. २०१६ मध्ये अशाच प्रकरणात एका मोठ्या क्रूझ कंपनीला अमेरिकेत ४ कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला, आणि तिकडच्या कायद्यात माहिती देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देता येते, त्यामुळे अशी गोष्ट लपून राहील हे विसर. पण मला भीतीपेक्षा कारण महत्त्वाचं वाटतं. इंजिनिअर हे मजेसाठी करत नाही, स्पेअर येत नाहीत, टाकी भरलेली असते, आणि किनाऱ्यावर स्लज उतरवायचं बिल लागलं की ऑफिसातून फोन येतो म्हणून करतो. तेव्हा रजिस्टरच्या कंट्रोल कॉलममध्ये "पुढच्या पोर्टला स्लज डिस्चार्ज, बजेटमध्ये तरतूद" हे स्पष्ट लिही आणि सुपरिंटेंडंटची सही घे. ऑफिसने सही केलेली ती ओळ तुझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला वाचवते.

आता मोठं-लहान कसं ठरवायचं. मॅट्रिक्स तुमच्या सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिममध्ये असेलच, शक्यता गुणिले गंभीरता, ती वापर, पण नुसत्या गुणाकारावर विश्वास ठेवू नकोस. कायद्यात ज्याचा उल्लेख आहे, म्हणजे मार्पोलच्या (जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सहा अ‍ॅनेक्समध्ये, बॅलास्ट कन्व्हेन्शनमध्ये, ते मार्क कितीही कमी आले तरी महत्त्वाचंच धरायचं. मग दोन प्रश्न स्वतःला विचारायचे, झालेलं नुकसान परत भरून येतं का, आणि आपल्या हातात त्यातलं किती आहे. पहिल्या प्रश्नाने बॅलास्ट एकदम वर येतो आणि दुसऱ्याने स्टर्न ट्यूब, रेफ्रिजरंट (फ्रिजमधला गॅस), स्पीड.

बॅलास्टबद्दल इंजिनरूममध्ये एक समज आहे की पाणीच तर आहे. तेल सांडलं तर वर्षांनी का होईना निसर्ग त्याचं काहीतरी करतो, पण परक्या समुद्रातला जीव एकदा रुजला की त्याला परत घालवता येत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्याकडची कोंब जेली (जेलीफिशसारखा दिसणारा जीव) जहाजांच्या बॅलास्टमधून काळ्या समुद्रात पोचली आणि तिथल्या अँकोव्ही माशाची मासेमारी कोसळली. त्याच दशकात झेब्रा शिंपला उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये शिरला आणि आजही तिथल्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांना चिकटून बसलाय. यातूनच २००४ चं कन्व्हेन्शन आलं, ते ८ सप्टेंबर २०१७ ला लागू झालं आणि ८ सप्टेंबर २०२४ पासून ते लागू असलेल्या जहाजांना डी-२ स्टँडर्ड पाळावं लागतं, म्हणजे ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे १० पेक्षा कमी. रजिस्टरमध्ये "ट्रीटमेंट प्लांट बसवलेला आहे" हे उत्तर नाही. गाळाने भरलेल्या नदीमुखावरच्या पोर्टमध्ये कार्गो उतरवताना फिल्टर दर दोन मिनिटांनी बॅकफ्लश मारतो, फ्लो पडतो, चीफ ऑफिसर वरून ओरडतो की ड्राफ्ट आणि ट्रिम (जहाज किती बुडालंय आणि पुढे-मागे किती झुकलंय) बिघडतोय, आणि त्या क्षणी बायपास व्हॉल्व उघडायचा मोह होतो. हीच ती मधली अवस्था. त्यासाठीचा प्लॅन आधी लिहून ठेव, किती वेळ हळू बॅलास्ट घ्यायचा, कार्गो ऑपरेशन थांबवायचं कोणी, प्लांट बंदच पडला तर पुढच्या पोर्टला कोणी कळवायचं आणि खोल समुद्रात एक्स्चेंज करणं त्यांना चालेल का. शिवाय टाकीच्या तळाशी बसलेला गाळ, तो पण बॅलास्टच आहे आणि त्यात अंडी, बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात.

हलचं (जहाजाच्या बाहेरच्या अंगाचं) पण तसंच. शेवाळ आणि शिंपले चिकटले की दोन नुकसानं होतात, परके जीव प्रवास करतात आणि इंधन वाढतं. अँटीफाउलिंग रंगात (जीव चिकटू न देणाऱ्या रंगात) पूर्वी टीबीटी हे कथिलाचं विषारी रसायन असायचं, ते २००१ च्या कन्व्हेन्शनने बंद झालं, २०२३ पासून सायब्युट्रिन (शेवाळ मारणारं रसायन) पण बंद, तरी आजच्या बहुतेक रंगात तांबं असतंच आणि ते पाण्यात सुटतं म्हणून तर रंग काम करतो. म्हणजे पाण्यात हल घासून घेताना रंगाचे कण आणि चिकटलेले जीव दोन्ही त्याच बंदरात पडतात, गोळा करणारी सिस्टिम नसेल तर. रजिस्टरमध्ये हल क्लीनिंगला इंधन वाचवणारी गोष्ट म्हणून लिहितात, ते बरोबरच आहे, पण ती स्वतः एक अ‍ॅस्पेक्ट आहे हे पण लिही.

स्पीडचं गणित कॅप्टनला पण दाखव. इंजिनची पॉवर साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, वेग १० टक्के कमी केला तर पॉवर २७ टक्क्यांच्या आसपास कमी, प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनसुद्धा त्याच अंतराला इंधन जवळपास १९ टक्के कमी. २०२३ पासून ५००० ग्रॉस टनेजच्या वरच्या जहाजांना सीआयआयची (वर्षभरातल्या कार्बन उत्सर्जनाच्या मापाची) ए ते ई अशी श्रेणी मिळते, तीन वर्षं लागोपाठ डी किंवा एकदा ई आली की सुधारणेचा प्लॅन द्यावा लागतो, त्यामुळे आता ऑफिसही हे ऐकून घेतं. स्पीड चार्टररच्या (जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या) हातात असतो, खरंय. पण पोर्टबाहेर चार दिवस नांगरून राहायचंय हे माहीत असताना फुल स्पीडने धावत जाऊ नये एवढं विचारणं आपल्या हातात असतं. वेग कमी केला की प्रोपेलरचं कॅव्हिटेशन (पात्यांवर बुडबुडे होऊन फुटणं) आणि पाण्याखालचा आवाज पण बहुतेक जहाजांत कमी होतो, देवमाशांना धडकायचा धोकाही घटतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेलसाठी ठराविक मोसमात १० नॉटची मर्यादा २००८ पासून आहे. पाण्याखालचा आवाज ही ओळ तुझ्या जुन्या शीटमध्ये नसणार, घाल.

हवेचं बाकी नियम तुला माहीतच आहेत, १ जानेवारी २०२० पासून सल्फर ०.५० टक्के, एमिशन कंट्रोल एरियात ०.१० टक्के, आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्र पण त्यात आला. लक्ष द्यायचं ते चेंजओव्हरवर, म्हणजे एका इंधनावरून कमी सल्फरच्या इंधनावर जाताना. व्हॉल्व फिरवला म्हणजे इंधन बदललं असं होत नाही, सर्व्हिस टाकी, सेटलिंग टाकी, मिक्सिंग कॉलम, सगळ्या लाइनमध्ये जुनं तेल असतंच आणि ते मिसळत मिसळत कमी होतं. तुमच्या जहाजाला प्रत्यक्ष किती तास लागतात ते एकदा मोजून घे, आधीच्या जहाजाचा आकडा वापरू नको. घाईने केलं तर डिझेल गरम होऊन पातळ पडतं आणि फ्युएल पंप जॅम होतात, म्हणून तापमान मिनिटाला २ अंशापेक्षा जास्त बदलू द्यायचं नाही, म्हणजे वेळ हातात ठेवूनच सुरुवात करावी लागते. स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) असेल तर ओपन लूपचं, म्हणजे धूर धुऊन परत समुद्रात सोडलेलं, पाणी वेगळी ओळ, कारण हवेतलं आम्ल आणि काजळी आपण समुद्रात नेऊन सोडतो, बऱ्याच बंदरांनी त्यावर बंदी घातलीय ती उगाच नाही. माझं स्वतःचं मत, पर्याय असेल तर उथळ पाण्यात आणि बंदराजवळ ओपन लूप वापरूच नये, नियमात बसत असलं तरी.

रेफ्रिजरंटची ओळ मात्र जरूर मोठ्या अक्षरात लिही. प्रोव्हिजन रूमच्या प्लांटमध्ये आर-४०४ए असेल तर त्याचा ग्लोबल वॉर्मिंग पोटेन्शियल ३९२२ आहे, म्हणजे १ किलो गॅस सुटला तर जवळपास ३.९ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. वर्षभरात २० किलो टॉप-अप केला असेल तर तो ७८ टन झाला, म्हणजे २५ टन हेवी फ्युएल जाळल्याएवढा, तुमच्या जहाजाचा जवळजवळ एका दिवसाचा सगळा धूर. आणि हे सगळं कुठल्यातरी फ्लेअर नटमधून किंवा कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून, ज्याला साबणाचा फेस लावून शोधायला अर्धा तास लागतो. गॅस कमी झाला की सिलिंडर लावायचा ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की कोणाला ती गळती वाटतच नाही. नियम कर, आधी लीक शोधायचा आणि मग गॅस भरायचा, आणि सिलिंडर दर वेळी वजन करून किती किलो गेला ते लिहायचं.

सांडपाणी आणि कचरा पटकन सांगतो. सिवेज प्लांट हा जिवंत बॅक्टेरियांवर चालतो, कोणी टॉयलेटमध्ये ब्लीच किंवा अ‍ॅसिड ओतलं की ते मरतात आणि प्लांट नुसती टाकी होऊन बसतो, तेव्हा इथला कंट्रोल स्ट्युअर्डच्या कपाटात आहे, त्याला कुठलं केमिकल चालतं ते दाखव. प्लॅस्टिक कुठेही, कधीही समुद्रात नाही. दळलेलं अन्न ३ मैलांच्या पुढे, न दळलेलं १२ मैलांच्या पुढे, आणि स्पेशल एरियात दळलेलंही १२ च्या पुढेच. पण खरा उपाय गॅलीत (स्वयंपाकघरात) नाही, गँगवेवर (जहाजावर चढायच्या जिन्यावर) आहे, स्टोअर्स आले की खोकी आणि प्लॅस्टिक तिथेच उघडून चॅंडलरच्या (सामान पुरवणाऱ्याच्या) गाडीतून परत पाठवायचं. डेकवर चिपिंग करताना रंगाचे तुकडे आणि दोराचे धागे स्कपरमधून (डेकवरचं पाणी समुद्रात जायच्या भोकातून) जातात, ती पण ओळ हवी, बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) विचार, तो तुला तुझ्यापेक्षा जास्त सांगेल. आणि बल्क कॅरिअर असल्यामुळे होल्ड (माल भरायची कोठारं) धुतलेलं पाणी, आधीचा कार्गो समुद्राला घातक म्हणून जाहीर केलेला असेल तर ते पाणी सोडता येत नाही, हे चीफ ऑफिसरबरोबर बसून ठरव.

राहिला अपघात. बल्क कॅरिअरवाल्यांना वाटतं तेल सांडणं हा टँकरचा विषय. २०२० च्या जुलैत मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेलं वाकाशियो हे बल्क कॅरिअरच होतं, त्यात कार्गो नव्हता, पण त्याच्या स्वतःच्या बंकरमधलं साधारण १००० टन तेल लगूनमध्ये गेलं. पण तुझ्या पातळीवर सगळ्यात जवळचा धोका बंकरिंगचा, म्हणजे इंधन भरून घेतानाचा. बहुतेक वेळा गडबड शेवटच्या अर्ध्या तासात, टाकी टॉप-अप करताना होते. डोळ्यासमोर आण, रात्र आहे, पाऊस पडतोय, डेकवर पाणी साठलंय म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने एक स्कपर प्लग काढला, आणि नेमकं तेव्हाच व्हेंटमधून (टाकीतली हवा बाहेर जायच्या नळीतून) तेल फेस मारत वर आलं. व्हेंटखालचा सेव्ह-ऑल ट्रे पावसाने आधीच भरलेला, त्याचा प्लग घातलेलाच नाही किंवा घातला असला तरी जागा उरलेली नाही. म्हणून पाऊस असेल तर ट्रे रिकामे करायला आणि डेकवरचं पाणी बघून सोडायला एक माणूस वेगळा ठेवायचा, तो सोडताना प्लगजवळ उभा राहील आणि परत घातल्याशिवाय हलणार नाही. टाकी ९० टक्क्यांच्या वर न्यायची नाही, शेवटी पंपिंग रेट कमी करून घ्यायचा, आणि बार्जला (इंधन देणाऱ्या नौकेला) "स्टॉप" कोण म्हणणार हे सुरू करण्याआधी ठरवून बार्जवाल्याकडून ते त्याच्या तोंडाने वदवून घ्यायचं. ड्रिल करताना सोपेप लॉकर (तेल सांडल्यावर लागणाऱ्या सामानाचं कपाट) नुसता उघडून फोटो काढू नका, भुसा किती पोती आहे, पंप चालतो का, हातमोजे कडक झालेत का ते बघा.

हे सगळं लिहून झालं की रजिस्टर साठ ओळींचं नको, वीस-पंचवीस खऱ्या ओळी पुरेत. प्रत्येक ओळीत एक मोजता येणारा आकडा, तो कोण आणि कधी मोजतो, आणि किती झाला की कोणी काय करायचं, या तीन गोष्टी नसतील तर ती ओळ काढून टाक. आणि नवीन केमिकल आलं, नवीन रूट मिळाला, इंधन बदललं, मशिनरी बदलली की त्याच आठवड्यात रजिस्टर उघडायचं, वर्षअखेरीची वाट बघायची नाही.

नमुना म्हणून एक ओळ पूर्ण देतो, बाकीच्या याच साच्यात कर. काम: प्रोपल्शन, नेहमीची अवस्था. अ‍ॅस्पेक्ट: स्टर्न ट्यूबच्या मागच्या सीलमधून वंगण तेल समुद्रात. इम्पॅक्ट: पाण्यात सतत थोडं थोडं तेल, नांगरून असताना एकाच जागी, म्हणून तेव्हा जास्त वाईट. आकडा: हेडर टाकीची लेव्हल, रोज सकाळी ८ वाजता, ड्युटी मोटरमन (इंजिनरूमचा खलाशी) वाचणार आणि वहीत सही करणार, त्याच वेळी आतल्या सीलच्या ड्रेन टाकीचं साउंडिंग. मर्यादा: दिवसाला १ लिटरच्या वर सलग तीन दिवस गेलं आणि आतल्या ड्रेन टाकीत वाढ नसेल तर सेकंड इंजिनिअरला सांगायचं, तो मेकरच्या मॅन्युअलप्रमाणे हेडर टाकी बदलून दाब कमी करता येतो का बघणार. दिवसाला ३ लिटरच्या वर गेलं की चीफ इंजिनिअर ऑफिसला लेखी कळवणार, डायव्हर इन्स्पेक्शन मागणार आणि सील ड्रायडॉकच्या यादीत टाकणार. हे १ आणि ३ आकडे मी एका पनामॅक्स (जुन्या पनामा कालव्यातून जाईल एवढ्या आकाराच्या) जहाजावर वापरलेले आहेत, तुमच्या सीलच्या साइजप्रमाणे मेकरकडून खात्री करून घे. ऑडिटर आला की तो बहुधा अशीच एखादी ओळ निवडेल आणि तुला न विचारता थेट मोटरमनला विचारेल, तेव्हा उद्या सकाळी ८ वाजता त्याच्याबरोबर तू स्वतः त्या टाकीपाशी जा आणि पहिलं रीडिंग दोघांनी मिळून घ्या.